सामना किती सेकंद मागे आहे, हे पडद्यावर लिहायची सक्ती हवी का?

मध्यमलहर: माझ्या मते हवीच. सामना दाखवणाऱ्या प्रत्येक वाहिनीने आणि ॲपने आपण मैदानाच्या किती मागे आहोत, ते धावसंख्येशेजारी लिहावं. दूरदर्शन ॲनालॉग होतं तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून आकाशवाणीचं समालोचन लावता यायचं. चेंडू आणि शब्द जवळजवळ सोबत यायचे. आता रेडिओवर फलंदाज बाद होतो तेव्हा टीव्हीवर गोलंदाज रनअपच्या टोकाला उभा असतो. मोबाइलवर तर आणखी उशीर, शेजारच्या घरातल्या ओरड्यावरूनच विकेट कळते. पैसे भरणाऱ्याला हे आधी कळायला नको?

हेडएंड: सक्तीला माझा विरोध. लोक उपग्रहाला दोष देतात, पण तो सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे; वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो. खरा वेळ चित्र कॉम्प्रेस करण्यात, म्हणजे पाठवण्यासाठी त्याचा डेटा आटवण्यात जातो. वाहिनी ते एकदा करते, डीटीएचवाले बहुतेकदा पुन्हा करून वर पाठवतात, मग घरचा बॉक्स ते उलगडतो. मोबाइलसाठी चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि थोडे तुकडे साठल्याशिवाय ॲपमधला व्हिडिओ सुरू होत नाही. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला एकाच ॲपवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तेवढ्या गर्दीत साठा कमी ठेवला तर चित्र अडकणार. शेजारी ठेवलेल्या दोन फोनांतही उशीर वेगवेगळा असतो. मग आकडा कुणाचा लिहायचा?

मध्यमलहर: ज्याचा त्याचा. चित्राच्या तुकड्यांसोबत वेळेची नोंद पाठवता येते, त्यामुळे फोनला स्वतःचा उशीर मोजता येईल. आणि कमी उशिराचं स्ट्रीमिंग हे काही स्वप्न नाही; ॲपलने २०१९ मध्येच त्याची पद्धत जाहीर केली. आकडा समोर दिसला की कंपन्या तो कमी करायच्या मागे लागतील.

सातबारा: मला भीती वेगळीच आहे. उद्या कुणी म्हणेल, टीव्हीशी जुळावं म्हणून रेडिओच मागे ठेवा. ते कदापि नको. ज्यांना दिसत नाही, जे शेतात किंवा गाडीवर आहेत, त्यांचा सामना रेडिओवरच होतो. बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीत क्रिकेटचं वर्णन उभं केलं ते ऐकणाऱ्यासाठी, टीव्हीला जोड म्हणून नव्हे. फार तर रेडिओच्या ॲपमध्ये आवाज मागे घ्यायचं बटण द्या. ज्याला टीव्हीशी जुळवायचंय तो जुळवेल, बाकीच्यांना ताजं ऐकू द्या.

विदर्भवासी: मी सक्तीच्या बाजूने, आणि कारण २००७ चं आहे. त्या जानेवारीत वेस्ट इंडीजचा संघ एकदिवसीय मालिकेसाठी आला होता, पहिला सामना आमच्या नागपूरला. प्रक्षेपणाचे हक्क निंबस या खासगी कंपनीकडे, आणि दूरदर्शनला थेट चित्र द्यायला त्यांचा नकार. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि दूरदर्शनला सात मिनिटं उशिराने दाखवायची मुभा मिळाली. सात मिनिटांत दीड षटक होऊन जातं! ज्यांच्या घरी केबल नव्हती त्यांनी शिळा सामना बघायचा. फेब्रुवारीत सरकारने अध्यादेश काढला, पुढे त्याच वर्षी कायदा झाला, म्हणून आज राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. तेव्हा उशीर हा सरकारचा विषय नाही, असं कुणी म्हणू नये.

हेडएंड: ती सात मिनिटं ठरवून ठेवलेली होती, त्याविरुद्ध कायदा हवाच होता. कॉम्प्रेशनचे सेकंद कुणी अडवून ठेवलेले नसतात. शिवाय सट्ट्याचा विचार करा. मैदानात बसून फोनवर चेंडूचा निकाल आधी कळवणारे याच फरकावर जगतात. आकडा छापून तुम्ही त्यांना मोजमाप हाती देताय.

मध्यमलहर: त्यांचा धंदाच तो, त्यांनी फरक केव्हाच मोजलेला असतो. अंधारात आहे तो घरी बसून बघणारा. सातबारांचं बटण मात्र मला मान्य आहे. ते रेडिओला धक्का न लावता उद्याही देता येईल.