परंपरानिष्ठ ग्राहकासाठी अक्षरबोधचिन्ह

प्रश्न: एका जुन्या कायदेविषयक संस्थेसाठी केवळ अक्षरांचे बोधचिन्ह करीत आहे. ग्राहकाला नावीन्य नको आहे, परंतु तयार फाँट जसाच्या तसा वापरला, तर ते कोणाचेही वाटेल. वेगळेपण कोठे आणावे?

उत्तर १: वळणात नव्हे, बारकाव्यात. परिचित वळण आधाराला घेऊन शिरोरेषेची जाडी आणि वेलांटीची उंची त्या नावापुरती हाताने जुळवावी. अक्षरांमधील मोकळी जागा मात्र मोजपट्टीने नव्हे, डोळ्यांनी तोलावी.

उत्तर २: सहमत. आधी काळ्या रंगातच दाखवावे, अन्यथा चर्चा रंगावरच घसरते. कोका-कोलाचे १८८०च्या दशकातील अक्षरलेखनही तेव्हाच्या प्रचलित स्पेन्सरियन (अमेरिकेतील जोडून लिहिण्याच्या हस्ताक्षराची एक शैली) वळणाचेच होते.

प्रश्नकर्ता: शिक्क्याच्या आकारात छापून पाहिले; जोडाक्षर बुजले. उभे दंड बारीक करून पुन्हा पाहतो.