अ‍ॅनालिटिक्सच्या प्रमाणपत्राचा नोकरीसाठी खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. बी.कॉम. झाल्यापासून मी तालुक्यातील एका जिनिंगच्या कार्यालयात हिशेब आणि कापसाच्या आवकीच्या नोंदी सांभाळते. एक्सेल मला चांगले येते, मात्र एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) किंवा पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) कधी हाताळलेले नाही. डेटा अ‍ॅनालिटिक्सचे, म्हणजे आकडेवारीच्या विश्लेषणाचे, प्रमाणपत्र मिळवून नागपुरात, किंवा जमल्यास घरूनच, काम करण्याची इच्छा आहे. एका खासगी क्लासने ४५ हजार रुपये शुल्क सांगितले असून नोकरीची हमीही दिली आहे. कापूस विकल्यावर हे पैसे भरता येतील. परंतु घरात मोठी रक्कम वर्षातून एकदाच येते, म्हणून विचारते. कंपन्या अशा प्रमाणपत्राला किंमत देतात का, आणि देत असल्यास कोणत्या?

उत्तर (नागपूर)

ताई, मी मिहानमधील एका कंपनीत रिपोर्टिंगचे काम करतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतींना बसतो, त्यामुळे तिथे जे घडते तेच सांगतो. प्रमाणपत्रामुळे अर्ज चाळणीतून पुढे येतो, विशेषतः उमेदवार अभियांत्रिकीचा नसेल तेव्हा. पण त्यानंतर त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. दोन तक्ते समोर ठेवून ते एसक्यूएलने जोडायला सांगितले जाते, आणि निम्म्या नोंदी जुळल्या नाहीत तर त्या का जुळल्या नसतील, हे विचारले जाते. अनेकजण इथेच अडतात.

कोणते प्रमाणपत्र घ्यायचे, हे कोणते काम हवे आहे त्यावर ठरते. गूगल अ‍ॅनालिटिक्सची परीक्षा स्किलशॉप या गूगलच्या प्रशिक्षण संकेतस्थळावर मोफत देता येते, उत्तीर्ण होण्यास ८० टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र एक वर्ष ग्राह्य असते. मात्र ते संकेतस्थळावरील आणि अ‍ॅपमधील वापराच्या मोजमापाचे आहे, म्हणजेच डिजिटल मार्केटिंगमध्ये जाणाऱ्यांसाठी. शिवाय १ जुलै २०२३ पासून युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स या जुन्या आवृत्तीने नवी माहिती नोंदवणे थांबवले आणि जीए-फोर (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) ही नवी आवृत्ती तिच्या जागी आली, त्यामुळे जुन्या नोट्सवर अभ्यास करू नये. आपल्या हिशेबाच्या अनुभवाला मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० ही पॉवर बीआयची (आकड्यांवरून आलेख व अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरची) परीक्षा अधिक जवळची आहे. तिच्यात १००० पैकी ७०० गुण लागतात आणि दरवर्षीचे नूतनीकरण ऑनलाइन व विनाशुल्क होते. पॉवर बीआय डेस्कटॉप विंडोजच्या संगणकावर फुकट मिळते, म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्याआधी महिनोन् महिने सराव करता येतो.

क्लासच्या हमीविषयी स्पष्टच सांगतो: ती लेखी मागा, नोकरी न मिळाल्यास शुल्क परत मिळेल का ते त्यात लिहून घ्या, आणि तसे लिहून देण्यास ते तयार नसतील तर कापसाच्या पैशाला हात लावू नका.

उत्तर (हिंगणघाट, जि. वर्धा)

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवात प्रमाणपत्रापेक्षा स्वतः केलेले एक काम जास्त उपयोगी पडले. अ‍ॅगमार्कनेट या शेतमालाच्या दरांच्या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर उपलब्ध असतात. विदर्भातील काही समित्यांचे सोयाबीनचे आकडे उतरवून घ्या आणि एकच प्रश्न धरा: आवक वाढते त्या दिवसांत दर हमीभावाच्या किती खाली जातो? हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ५३२८ रुपये झाला, त्यामुळे दोन्ही हंगामांची तुलना वेगवेगळ्या रेषेशी करावी लागते. सुट्टीचे दिवस रिकामे असतात, कधी एखादा दर उघडच चुकीचा भरलेला असतो. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, पण खऱ्या नोकरीतील बराच वेळ याच कामात जातो, आणि मुलाखतीत त्याविषयी बोलणारा उमेदवार लगेच वेगळा दिसतो.

ताई, आपल्याकडे तर आणखी एक बळ आहे. ओलाव्यामुळे दर का कापला जातो, दिवाळीच्या तोंडावर आवक का उसळते, हे आपण रोज पाहता; शहरातील विश्लेषकाला ते आकड्यांवरून ताडावे लागते. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि कृषी-निविष्ठांच्या कंपन्या यांना अशी जाण असलेली माणसे हवी असतात, तेव्हा केवळ माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांकडेच पाहू नका. मात्र जिनिंगमधील आकडे मालकाच्या परवानगीशिवाय वापरू नका.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे इंग्रजी परीक्षेची धास्ती वाटते. ज्यात प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा होते आणि खर्चही झेपतो, असे काही आहे का?

उत्तर (अकोला)

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे अभ्यासक्रम पाहावेत. शिकणे विनामूल्य आहे, शुल्क फक्त परीक्षेचे, आणि परीक्षा केंद्रावर देखरेखीखाली होते. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असल्याने अभ्यास आपोआप नियमित होतो. इंग्रजीचे म्हणाल, तर व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते आणि लिखित रूपही सोबत मिळते. मीही मराठी माध्यमाचाच आहे आणि मला या सोयीचा फार आधार झाला. आधी एसक्यूएल किंवा डेटाबेसचा एकच अभ्यासक्रम घ्या. पायथन त्यानंतर, आणि पीएल-३०० चे शुल्क पॉवर बीआयमध्ये सोयाबीनचा तो अहवाल पूर्ण झाल्यावर भरा.