सल्ला हवा : संघ प्लेऑफला मुकला, पण खेळाडू गाजला, असे कोणते सामने मुलींना दाखवावेत?

मैदानाबाहेर :
आमच्या भागातील एका छोट्या क्लबात मी शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवते. मे महिन्यात दुपारी मैदानावर पाय ठेवता येत नाही, म्हणून सुट्टीत आठवड्यातून एकदा, ऊन उतरेपर्यंत, प्रोजेक्टरवर जुने सामने दाखवायचे ठरवले आहे. अडचण अशी की, मुलींनी आजवर जे पाहिले आहे ते बहुतेक अंतिम फेरीचेच आहे. संघात दोन-तीन मुली खरोखर गुणी आहेत. पण संघ जिल्ह्याच्या पुढे सरकत नसल्यामुळे आपल्या खेळाला काही किंमत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. आणखी एक विजेता संघ दाखवून त्यांची समजूत पटेल असे मला वाटत नाही.

म्हणून एनबीए किंवा डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतील पुरुषांची व महिलांची व्यावसायिक लीग) यांमधील असे खेळाडू सुचवावेत, ज्यांचा हंगाम उत्तम गेला परंतु ज्यांच्या संघाला प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी, गाठता आले नाही. नुसता गुणांचा पाऊस नको. शिकण्यासारखे एखादे कौशल्य त्यात स्पष्ट दिसले पाहिजे, आणि संघ नेमका कशामुळे बाहेर राहिला हे मला मुलींना सांगता आले पाहिजे.

जुनाबाक :
सुरुवात करीम अब्दुल-जब्बार यांच्यापासून करावी, असे मी सुचवीन, कारण या विषयात त्यांच्याइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. १९७५ च्या उन्हाळ्यात मिलवॉकी बक्सने त्यांना लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले आणि बदल्यात चार खेळाडू घेतले. पुढच्या, म्हणजे १९७५-७६ च्या हंगामात करीम यांनी सामन्यामागे सरासरी २७.७ गुण, १६.९ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) आणि चारहून अधिक ब्लॉक (हवेतच अडवलेले फटके) अशी कामगिरी केली. लेकर्सने मात्र ४० सामने जिंकले, ४२ गमावले आणि त्यांचे प्लेऑफ हुकले. तरीही हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून करीम यांचीच निवड झाली, आणि विशेष म्हणजे त्या काळी हे मत पत्रकार देत नसत, लीगमधील खेळाडू स्वतः देत असत. ज्यांना रोज रात्री त्यांच्यासमोर उभे राहावे लागत होते, त्यांनीच हा निवाडा केला होता.

संघ का हुकला, याचे उत्तर अर्धे मैदानावर आहे आणि अर्धे नियमपुस्तकात. लेकर्स पॅसिफिक विभागात चौथे आले. शेजारच्या मिडवेस्ट विभागात मिलवॉकी ३८ विजयांवर पहिले आणि डेट्रॉइट ३६ विजयांवर दुसरे आले, आणि विभागवार जागांच्या पद्धतीमुळे ते दोन्ही संघ आत गेले. ज्या संघाने करीम यांना सोडले तो कमी सामने जिंकून प्लेऑफ खेळला आणि करीम घरी बसले. मुलींना हे फळ्यावर आकडे मांडून दाखवा; त्यांना राग येईल, आणि तो यायलाच हवा.

त्या हंगामाचे चित्रीकरण फारसे हाती लागत नाही आणि जे आहे ते धूसर आहे. त्यामुळे गोष्ट १९७५-७६ ची सांगावी आणि स्काय हुक हा त्यांचा फटका दाखवण्यासाठी त्यांचे १९८० च्या दशकातील सामने वापरावेत. डावा खांदा बचाव करणाऱ्याकडे, डाव्या पायावर उडी, डावा हात आडवा धरून मधले अंतर राखलेले आणि उजवा हात पूर्ण वर गेल्यावर केवळ मनगटाने सोडलेला चेंडू. उंची नसलेल्या मुलीलाही हा फटका बास्केटच्या जवळून शिकवता येतो, असा माझा अनुभव आहे.

तिरकीरेघ :
धाग्याचा हेतू चांगला आहे, पण एक धोका नोंदवून ठेवतो. हरणाऱ्या संघात कोणीतरी गुण मिळवणारच असते, कारण चेंडू कोणाच्या तरी हातात असतोच. ते सारे आकडे मोलाचे नसतात. डेव्हिन बुकरने २४ मार्च २०१७ रोजी बॉस्टनविरुद्ध ७० गुण केले. तो सामना फीनिक्स सन्सने १२०-१३० असा गमावला आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी टाइमआउट घेऊन व मुद्दाम फाउल करून बुकरकडे चेंडू पोचेल अशी व्यवस्था केली. विक्रम खरा आहे आणि फटकेही अवघड होते, पण ‘संघ हरला तरी चालेल, तुझे गुण होऊ देत’ हे मुलींना शिकवायचे नसेल, तर हा सामना दाखवू नये.

त्याच बुकरचा ऑगस्ट २०२० मधला खेळ दाखवावा. कोविडमुळे उरलेला हंगाम ओरलँडो येथील बंदिस्त संकुलात खेळवण्यात आला. सन्स तेथे आले तेव्हा त्यांचे २६ विजय आणि ३९ पराभव होते आणि त्यांना कोणी हिशेबातही धरले नव्हते. त्यांनी आठपैकी आठ सामने जिंकले. ४ ऑगस्टला क्लिपर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी पॉल जॉर्ज अंगावर असताना वळून मारलेला बुकरचा फटका (११७-११५) तर पाहण्यासारखाच आहे, पण मुलींना तो संपूर्ण सामना दाखवा, कारण त्यात चेंडू किती हातांतून फिरतो ते कळते. अखेरच्या दिवशी सन्स जिंकले. मात्र त्याच जागेसाठी झुंजणारे मेम्फिसही जिंकले आणि पोर्टलँडने ब्रुकलिनला एका गुणाने हरवले, त्यामुळे आठही सामने जिंकलेला संघ बाहेर राहिला. ख्रिस पॉल आल्यानंतर पुढच्याच वर्षी हा संघ अंतिम फेरीत पोचला.

क्रिकेटमधून समजावायचे झाल्यास के. एल. राहुलचे उदाहरण आहेच. २०२० च्या आयपीएलमध्ये ६७० धावा करून ऑरेंज कॅप त्याने मिळवली आणि पंजाबचा संघ सहाव्या क्रमांकावर राहिला.

मिनेसोटाकर :
मी मिनीअ‍ॅपोलिसजवळ राहत असल्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हा टिंबरवूल्व्हजच्या पाठीराख्यांइतका कोणालाच नाही, असे गमतीने म्हणते. केविन गार्नेट २००४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यापुढच्या हंगामात संघाने ४४ सामने जिंकूनही लीगच्या पश्चिम गटातून प्लेऑफ हुकले, आणि त्याच वर्षी पूर्व गटातून न्यू जर्सी ४२ विजयांवर आत गेले. पुढची दोन वर्षेही तशीच गेली. २००७ मध्ये तो बॉस्टनला गेला आणि २००८ मध्ये विजेता झाला. खेळाडू तोच होता. भोवतालची माणसे बदलली होती.

मात्र शिकवण्यासाठी मी केविन लव्हचे नाव घेईन. १२ नोव्हेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने ३१ गुण आणि ३१ रिबाउंड अशी कामगिरी केली. एका सामन्यात दोन्ही आकडे तिसाच्या वर नेणारा खेळाडू १९८२ मधील मोझेस मलोननंतर प्रथमच दिसत होता. त्याच हंगामात त्याने सलग ५३ सामन्यांत डबल-डबल (गुण आणि रिबाउंड दोन्ही दहा किंवा अधिक) केले. संघ मात्र ८२ पैकी १७ सामने जिंकला.

लव्ह उंच उडी मारणारा खेळाडू कधीच नव्हता, आणि मुलींसाठी हेच महत्त्वाचे आहे. चेंडू हवेत असताना इतर नऊ जण वर पाहत असतात, तेव्हा तो आधी शेजारच्या खेळाडूच्या पोटाशी पाठ लावतो, कंबर खाली घेतो आणि कोपर न उघडता त्याला अर्धे पाऊल मागे ढकलून जागा धरतो. चेंडूकडे त्याचे लक्ष त्यानंतर जाते. फटका कोणत्या बाजूने मारला गेला आहे त्यावरून तो कोठे उसळेल याचा अंदाज त्याला आधीच आलेला असतो. त्या सामन्याचे चित्रीकरण दाखवताना मुलींना चेंडूकडे पाहू देऊ नका. फक्त ४२ क्रमांकाकडे पाहायला सांगा. रिबाउंड मिळाल्यावर खाली उतरण्याच्या आतच अर्ध्या मैदानापलीकडे फेकलेला त्याचा पासही दाखवा.

मैदानाबाहेर :
लव्ह नक्की घेते. परंतु तिरकीरेघ यांचा आक्षेप त्यालाही लागू होत नाही का? १७ विजयांच्या संघात रिबाउंडसाठी स्पर्धा करणारे दुसरे कोणी नव्हते, असे एखादी मुलगी विचारू शकेल. आमच्याकडील एक तर नक्कीच विचारील.

मिनेसोटाकर :
विचारू द्या. त्या वेळीही अनेक जण हेच म्हणत असत. त्याचे उत्तर २०१६ मधील अंतिम फेरीचा सातवा सामना आहे. लव्ह तेव्हा क्लीव्हलँडकडून खेळत होता. शेवटच्या मिनिटात बचावाची अदलाबदल होऊन त्याच्यासमोर स्टेफन करी आला, आणि ज्याला बचाव येत नाही असे सगळे म्हणत होते, त्या लव्हने पाय सतत हलते ठेवून करीला मोकळा फटका मिळू दिला नाही. त्या सामन्यात त्याने १४ रिबाउंडही घेतले. जागा धरण्याची सवय हरणाऱ्या संघातच पक्की झालेली होती. लव्ह दाखवणार असाल तर ही चित्रफीत त्याच दिवशी, लगेच नंतर लावा.

कोपरा_तीन :
करीम यांच्या गोष्टीतील नियमाचा मुद्दा अलीकडच्या काळातही सापडतो. २०२०-२१ मध्ये करीने सरासरी ३२ गुणांसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि वॉरियर्स पश्चिमेत आठवे आले. जुन्या नियमानुसार आठव्या संघाला थेट प्रवेश मिळाला असता. परंतु त्या हंगामापासून सातव्या ते दहाव्या क्रमांकांसाठी प्लेऑफच्या उरलेल्या जागा ठरवणारे प्ले-इन सामने आले, आणि वॉरियर्स लेकर्सविरुद्ध व नंतर मेम्फिसविरुद्ध हरून बाहेर पडले. चेंडू हातात नसताना करी किती धावतो, एवढ्यासाठी तो हंगाम पाहावा.

तथापि, माझी खरी शिफारस ६ फेब्रुवारी २०१५ च्या ओक्लाहोमा सिटी विरुद्ध न्यू ऑर्लिन्स या सामन्याची आहे. केविन ड्युरंट दुखापतीमुळे त्या हंगामात केवळ २७ सामने खेळला, आणि संघाचा सारा भार रसेल वेस्टब्रुकवर पडला. त्याने सरासरी २८.१ गुणांसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. या सामन्यात त्याचे ४८ गुण होते, ड्युरंटही मैदानावर होता आणि गुणफलक बरोबरीत होता. शेवटच्या सेकंदाला अँथनी डेव्हिसने दुरून, ड्युरंट अंगावर उडी घेत असताना, हवेत क्षणभर हात थांबवून तीन गुणांचा फटका मारला आणि न्यू ऑर्लिन्सने सामना ११६-११३ असा जिंकला. एप्रिलमध्ये दोन्ही संघ ४५ विजय आणि ३७ पराभवांवर थांबले. परस्परांतील सामने न्यू ऑर्लिन्सने अधिक जिंकले असल्यामुळे ते आत गेले आणि वेस्टब्रुक बाहेर राहिला. फेब्रुवारीतला एक चेंडू एप्रिलमध्ये मोजला गेला. साखळी सामन्यांना कंटाळणाऱ्या मुलींसाठी यापेक्षा योग्य सामना मला माहीत नाही.

जुनाबाक :
उत्तम निवड. बुटक्या गार्ड मुली असतील तर नेट ‘टायनी’ आर्चिबाल्ड यांचा उल्लेखही करावा. १९७२-७३ मध्ये सरासरी ३४ गुण आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशा दोन्ही याद्यांत ते पहिले आले. सरासरीच्या हिशेबात एकाच हंगामात हे दुसऱ्या कोणालाही साधलेले नाही. त्यांचा कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज ३६ सामने जिंकून बाहेर राहिला. चित्रीकरण नगण्य आहे, त्यामुळे पाच मिनिटे सांगून पुढे जावे.

पिवळी_जर्सी :
मुलींसाठी सामने निवडायचे आहेत आणि एवढी चर्चा होऊनही एकाही स्त्री खेळाडूचे नाव निघालेले नाही, याचे आश्चर्य वाटते. डब्ल्यूएनबीएमध्ये २०२४ साली शिकागो स्कायचा संघ १३ विजय आणि २७ पराभवांसह बाहेर राहिला. त्याच संघातील नवोदित एंजल रीसने सरासरी १३.१ रिबाउंड घेतले आणि सलग १५ सामन्यांत डबल-डबल करून लीगचा विक्रम केला. स्वतःचाच चुकलेला फटका परत मिळवण्यासाठी ती दुसरी आणि तिसरी उडी कशी घेते ते पाहावे. लव्हच्या लगोलग दाखवल्यास रिबाउंड घेण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती मुलींसमोर येतील.

दुसरे नाव पेज बेकर्सचे. २०२५ मध्ये डॅलस विंग्जने ४४ पैकी केवळ १० सामने जिंकले, तरी सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच ठरली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध तिने ४४ गुण केले, तेही २१ पैकी १७ फटके यशस्वी करून, आणि तिचा संघ शेवटच्या क्षणी ८०-८१ असा हरला. तिरकीरेघ यांना येथे आक्षेप घ्यायला जागा राहू नये, कारण यात गुणांसाठी ओढाताण कोठेही नाही. ती अर्ध्या अंतरावर थांबते, बचाव करणारी पुढे निघून गेली की मगच उडी घेते, आणि घाईत मारलेला फटका शोधावा लागतो.

तिरकीरेघ :
आक्षेप नाही. बचावासाठी व्हिक्टर वेंबान्यामाचा पहिला हंगाम तेवढा जोडावा. २०२३-२४ मध्ये सॅन अँटोनियोने केवळ २२ सामने जिंकले, पण सरासरी ३.६ ब्लॉकसह तो लीगमध्ये पहिला आला आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात स्थान मिळवणारा इतिहासातील पहिलाच नवोदित ठरला. १२ फेब्रुवारी २०२४ चा टोरँटोविरुद्धचा सामना घ्यावा, ज्यात त्याचे १० ब्लॉक आहेत आणि संघही जिंकला आहे. त्याची उंची कोणाला शिकवता येणार नाही. अडवलेला चेंडू बाहेर न भिरकावता मैदानातच ठेवणे मात्र शिकवता येते.

मैदानाबाहेर :
सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी करीम यांचे आकडे फळ्यावर मांडून स्काय हुक दाखवीन. दुसऱ्या दिवशी लव्ह आणि रीस, शेवटी २०१६ ची चित्रफीत. नंतर बेकर्सचा सामना पूर्ण, मग ओक्लाहोमा सिटीचा आणि सर्वांत शेवटी ओरलँडोमधील सन्स. वेंबान्यामाचे ब्लॉक प्रत्यक्ष सरावाच्या आधी दहा मिनिटे दाखवणे सोयीचे होईल. एकच शंका उरते : बेकर्सच्या सामन्याचा निकाल मुलींना आधी सांगावा की नाही?

पिवळी_जर्सी :
आधी सांगावा. निकाल माहीत नसेल तर शेवटची पाच मिनिटे त्या फक्त गुणफलकाकडे पाहतील, आणि तुम्हाला त्यांनी तिच्या पायांकडे पाहायला हवे आहे. समालोचनाचा आवाजही बंद ठेवा.