खून सांगलीत, प्रेम साताऱ्यात: लेखिकेनं नेमकं काय सोडावं?

कृष्णाकाठ

या लेखिकेनं ऐतिहासिक प्रेमकथा बंद कराव्यात आणि फक्त सांगलीकडच्या खुनांच्या कादंबऱ्या लिहाव्यात, अशी पोस्ट परवा इथे आली. रहस्यकथा "अस्सल मातीतल्या" आणि साताऱ्यात १७४९ सालात घडणारी कादंबरी म्हणजे "नऊवारी नेसवलेली टीव्ही मालिका", असं त्यात ठोकून दिलंय. खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. मला हे अजिबात मान्य नाही. माती कुठल्या पुस्तकात आहे ते आधी नीट वाचा.

सांगलीजवळच्या हरिपूरचीच कादंबरी घ्या. तीन वर्षं बंद असलेलं, निम्मं भरलेलं हळदीचं पेव (माल साठवायचा जमिनीतला खोल खड्डा) दुपारी फोडतात. हमाल सकाळी येणार. त्याच संध्याकाळी अडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) आणि त्याचा पुतण्या शिडी लावून आत उतरतात, वाटणीवरून सात पानं भांडतात आणि मग पुतण्या काकाच्या डोक्यात फावडं घालतो.

सात पानं! पेवाचं तोंड म्हणजे एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट सुटत गेलेलं, खोली वीस-पंचवीस फूट. तोंड मातीनं लिंपलं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. हळदीला कीड लागत नाही ती याच कारणानं. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, तोंड उघडलं म्हणून लगेच बाहेर पडत नाही, तळ धरून बसतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के. तो १६-१७ वर आला की कंदील विझतो, १० च्या खाली माणूस भोवळ येऊन पडतो, ५-६ वर मिनिटभरात शुद्ध जाते. म्हणून पेव फोडलं की आधी उघडं टाकतात, मग दोरीनं कंदील सोडतात आणि तो तळाशी जळत राहिला तरच माणूस उतरतो. इथे दोघं तसेच उतरले. फावड्याला हात लागायच्या आधीच दोघंही आडवे व्हायला हवे होते.

ज्या गोष्टीवर अख्खं पुस्तक उभं आहे तिचीच चौकशी केलेली नाही. उलट साताऱ्याच्या कादंबरीत पत्रातला मायना, पागेतली कामं, माहुलीच्या घाटावरची गर्दी, सगळं जागच्या जागी आहे.

रहस्यप्रेमी

ती पोस्ट माझीच, आणि मी तिच्यावर ठाम आहे. रहस्यकथा वाचतात ती माणसांसाठी. हिच्या सांगलीतली भावकी खरी आहे. पुतण्याची लबाडी कशी उघडी पडते? शेतकऱ्याच्या पट्टीवर (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर) हमाली आणि तोलाई दोनदा कापलेली असते, आणि वजनात कडता (ठरावीक कपात) धरून वर पुन्हा मालातली घट दाखवलेली असते. हा धागा बाजार जवळून पाहिल्याशिवाय कुणाला सुचत नाही. त्या एका पट्टीवर मी सगळी शाहूकालीन पत्रं ओवाळून टाकीन.

आणि तुमच्या वायूबद्दल. पेव निम्मं भरलेलं आहे, म्हणजे वर निम्मी जागा हवेचीच. हळद साठवायला टाकतात तेव्हा तिच्यात ओलावा जेमतेम १० टक्के. अशी खडखडीत वाळलेली हळद किती प्राणवायू खाणार? दोघंही पडलेच असते हे तुम्ही छातीठोकपणे सांगता ते कशाच्या जोरावर?

मार्केटयार्ड

दोघांनीही पेव लांबूनच पाहिलेलं दिसतंय. एकटी हळद प्राणवायू कमी खाते हे बरोबर. पण पेवात एकटी हळद नसते. तळाला आणि कडेनं काड, पाला, चटया असतात, त्यामागे कच्ची माती. मातीतून ओल येते, काड कुजतं, आणि खरं काम हे कुजणं करतं. तीन वर्षांत हवा किती बिघडली हे वरून डोकावून कुणालाच सांगता येत नाही. वासही येत नाही, रंगही दिसत नाही. कंदील लावतात तो त्यासाठीच. एकजण आत कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, पेवातले आणि विहिरीतले दुहेरी मृत्यू असेच होतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. कादंबरी २०२२ सालात घडते आणि हरिपुरात पेवांच्या रांगा गजबजलेल्या दाखवल्यात. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, २०१९ ला पुन्हा. माल कधीच कोल्ड स्टोरेजकडे वळलाय. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लिहिणाऱ्यांना अजून पेवाखेरीज काही दिसत नाही. सौदे (लिलाव), पॉलिश, कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर उचललेलं कर्ज, खुनाला कारणं तिथे ढिगानं पडलीत.

आणि प्रेत. चार महिने हळदीत पुरलेला काका "सोन्यासारखा पिवळा" निघतो. साठ किलोच्या देहात पस्तीसेक लिटर पाणी असतं. ते सुटलं की भोवतीच्या हळदीचे गठ्ठे होतात, बुरशी धरते, माल काळा पडतो. सौद्यात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, टणक आहे का बघतो, वास घेतो. तो माल पहिल्याच ढिगाला पकडला गेला असता. रंगही चुकलाय. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, चुना लावून कुंकू करतात ते त्यावरच. प्रेत कुजताना अमोनिया सुटतो. म्हणजे सदऱ्यावर तांबडे-तपकिरी डाग हवेत. तपास अधिकाऱ्याला तो एक डाग पुरला असता.

मोडीवाचक

धागा हळदीत बुडायच्या आत साताऱ्याकडे येऊ. "टीव्ही मालिका" हा शब्द मला झोंबला. छत्रपती शाहू महाराज (शिवाजी महाराजांचे नातू) १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या, वारस रामराजा गादीवर आले आणि २४ नोव्हेंबर १७५० ला ताराबाईंनी त्यांना किल्ल्यावर अटकेत टाकलं. या अकरा-बारा महिन्यांत, धनी कोण हेच ठरत नसलेल्या गावात, दप्तरातला कारकून आणि एका कुणब्याची विधवा सून यांची गोष्ट तिनं बेतली. यापेक्षा नेमका काळ निवडता आला नसता. कारकुनाला रोज सकाळी ठरवावं लागतं की आजचा कागद कुणाच्या नावानं लिहायचा.

पत्रंही बघा. सरकारी कागदावर तिनं सुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरची कालगणना) "खमसैन मया व अलफ" घातलाय, म्हणजे ११५०. इसवी सन काढायला जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत (जूनच्या सुरुवातीपर्यंत) ६००. डिसेंबर १७४९ बरोबर बसतो. घरच्या चिठ्ठीत मात्र नुसती तिथी, साल नाही. खासगी पत्रं बहुधा अशीच असत, त्यांच्या तारखा लावताना अभ्यासकांना घाम फुटतो. हा फरक माहीत असलेली लेखिका वरवरचं लिहिते असं म्हणू नका.

रहस्यप्रेमी

सन जुळला म्हणजे माणसं जुळली असं होत नाही. अठराव्या शतकातली विधवा दुसऱ्या लग्नाचा विचार करते, स्वतः पुरुष निवडते आणि शेवटी संसार थाटते! ही आजच्या पुण्यातली मुलगी आहे, फक्त नथ घातलेली. शिवाय ती दोघं भेटतात राजवाड्याच्या पायऱ्यांवर. साताऱ्याचा जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १८१८ नंतरचा. सत्तर वर्षं आधी त्या पायऱ्या आल्या कुठून? आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट! आपल्याकडचा साबुदाणा ज्या कारखान्यांतून येतो तो तमिळनाडूतल्या सेलमचा धंदा उभा राहिला १९४० च्या दशकात. पेवात कंदील नाही म्हणून तुम्ही एका पुस्तकाला फाशी देता आणि दुसऱ्याला खिचडी माफ?

मोडीवाचक

पायऱ्या आणि खिचडी, दोन्ही चुका आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. तिथे रंगमहाल आणि वरईचे तांदूळ हवे होते.

पण विधवेबद्दल तुम्ही साफ चुकता. ब्राह्मण घरांचा नियम सगळ्या गावाला लावू नका. कुणब्यांत आणि इतर कितीतरी जातींत विधवेचा पाट (दुसरं लग्न) लागत असे, आणि सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेत असे. कर होता म्हणजे चाल चांगली रुळलेली होती. पाट रात्री लावत, सवाष्णींना तिथे येऊ देत नसत. कादंबरीत हे तसंच आहे: अंधार, मोजकी माणसं, आणि सकाळ होईपर्यंत कुणाला तोंड न दाखवणं. खरा अडसर जातीचा आहे, कारकून दुसऱ्या जातीचा असल्यामुळे पाट लागणं अवघड. आणि म्हणूनच तो शेवटी दप्तर सोडून, नाव बदलून निघून जातो. तुम्ही ते प्रकरण वाचलं नाही, की वाचूनही "पुण्यातली मुलगी" लिहिलंत? न वाचता शेरे मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

रहस्यप्रेमी

शेवटपर्यंत वाचलंय. पाटाची चाल मान्य. तरी ती बाई नदीवर बसून "माझं आयुष्य माझं" या थाटाचं जे दोन पानी स्वगत म्हणते ते मान्य नाही. ते पाटदामानंही फेडता येणार नाही.

पंचनामा

परत खुनाकडे. वर कुणी धरलं नाही, पण इतरत्र खुनाच्या कलमाबद्दल "३०२ नव्हे, १०३ हवं" अशी टीका वाचली. ती चूक आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्हा २०२२ चा, तेव्हा भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) ३०२ च लागणार.

खरी गडबड शेवटच्या प्रकरणात आहे. पीआय (पोलीस निरीक्षक) ठाण्यात पुतण्याकडून कबुली घेतो आणि केस मिटते. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात वाचताच येत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५. चालतं ते २७: आरोपीनं पंचांसमोर निवेदन दिलं, जागा दाखवली, तिथून फावडं निघालं, तर तेवढाच भाग. म्हणजे निवेदन पंचनामा, मग जप्ती पंचनामा, सील, लेबल, रक्तगटासाठी प्रयोगशाळा. यातलं एक पान नाही. शवविच्छेदनात चार महिन्यांच्या प्रेताची वेळ "रात्री ९.४०" काढलीय, ती कुठलाही डॉक्टर काढणार नाही. ताज्या प्रेतालाही तास-दोन तासांच्या अंदाजानंच वेळ सांगतात.

आणि फावडं हवंच कशाला होतं? पुतण्या वर थांबतो, काकाला म्हणतो तुम्ही व्हा पुढे. संपलं. प्राणवायूअभावी गेलेल्या माणसाच्या शवविच्छेदनात खुनाकडे बोट दाखवणारं काहीच सापडत नाही. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून पाठवला तरी विषाचा अहवाल निरंक येणार. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होणार.

रहस्यप्रेमी

आणि मग तो सिद्ध कसा करणार? इजा नाही, विष नाही, साक्षीदार नाही. कोर्टात दहा मिनिटं टिकणार नाही. तुमचा निर्दोष खून म्हणजे पुस्तकाचा शेवटच गायब.

पंचनामा

उद्देश आणि माहिती सिद्ध करायची. पेव धोक्याचं आहे हे पुतण्याला ठाऊक होतं आणि तरी त्यानं काकाला आत धाडलं, एवढं उभं करायचं. पेव फोडणाऱ्या हमालाचा जबाब, त्या संध्याकाळचे फोन, वाटणीचा कागद, पट्ट्या. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठे तुटता कामा नये, एवढंच.

रहस्यप्रेमी

हमालाचा जबाब म्हणता, तर ते वाक्य पुस्तकात आहे. फोडतानाच तो पुतण्याला सांगतो, "आज कुणी उतरू नका, सकाळी कंदील सोडून बघू." म्हणजे लेखिकेला कंदील माहीत आहे. चौकशी केली नाही हा कृष्णाकाठ यांचा आरोप मागे घ्यावा.

कृष्णाकाठ

ते वाक्य मीही वाचलंय, आणि माझी तक्रार त्यामुळे वाढते. पुतण्याला धोका माहीत, काकाला नाही, हत्यार पायाखाली तयार. इतकं हातात असताना ती त्यालाही शिडीवरून खाली पाठवते आणि फावडं देते. मग तो स्वतः जिवंत वर येतो कसा, हे तुम्ही सांगा.

रहस्यप्रेमी

तोंडाखाली शिडीवरच उभा असेल. वरच्या चार-पाच फुटांत हवा बरी असते.

मार्केटयार्ड

शिडीवर उभं राहून तळाच्या माणसाच्या डोक्यात फावडं बसत नाही. दांडा साडेतीन फुटांचा असतो.