मदत हवी आहे: मींड (सुरावरून सुरावर अखंड सरकणं) काढता येईल असा स्वस्त सिंथ (सिंथेसायझर) कोणता?

मंडळी, हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रोलंडच्या टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (की-बोर्ड सिंथ) वर राग वाजवून केलेली रेकॉर्ड तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात धाडसी भारतीय संगीत तेच. पर्यायी संगीत म्हटलं की आपण गिटारवाल्या बँडपाशीच थांबतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुद्दा. मला तसा आवाज घरी काढायचा आहे. ३०३ मध्ये स्लाइड आहे, पण तिचा वेग ठरलेला. सुरावरून सुरावर झटकन सरकते. भैरवातला कोमल रिषभ असा झटक्यात नाही लागत, तो हळूहळू झुलवावा लागतो, शिवाय पेटीतल्या रे पेक्षा जरा खाली हवा. बेरिंगरचा टीडी-३ खिशाला परवडतो, पण तो ३०३ चीच नक्कल. कॉर्ग मोनोलॉगमध्ये स्लाइडचा वेळ बदलता येतो आणि सूरही आपल्याला हवे तसे लावता येतात, म्हणून मन तिकडे ओढतंय. कुणी त्यावर राग वाजवलाय का? रेझोनन्स (फिल्टरचा आवाज टोकदार करणारा नॉब) वाढवल्यावर आवाज तेवढा चिरका होतो का?

पुण्या-मुंबईत जुना मोनोलॉग घेताना काय तपासावं, तेही सांगा. नॉब फिरवताना खरखर आली तर सोडून द्यावा का?

आणि हो, भाची मांजरांचे धमाल व्हिडिओ बनवते, त्यांना पार्श्वसंगीत मी देणार आहे. सिंथवर केलेले असे विनोदी व्हिडिओ आवडले असतील तर जरूर पाठवा.