आमचे आजोबा, पेरणी आणि वारी

वारकरी माणसं घरदार वाऱ्यावर सोडून पंढरीला जातात, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. आमच्या आजोबांना आठवून हे लिहितोय. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, म्हणजे ऐन पेरणीचे दिवस. आजोबा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून पेरणी उरकायचे. पाऊस लांबला तर पेरूनच निघायचे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला, माउलींचा अश्व वारकऱ्यांच्या रांगांमधून धावतो त्या उभ्या रिंगणापर्यंत, दिंडी गाठायचे. मागे आजी रान, गुरं, पोरं सगळं बघायची. तिच्या जिवावरच त्यांची वारी झाली, हे ते स्वतः चारचौघांत सांगायचे. वारी दोघांची होती, असं मला आजही वाटतं.

१९७२च्या दुष्काळात दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीतला आपला वाटा आजोबा शेजारच्या पोरांना द्यायचे, असं आत्या सांगते.

गावात कुणी वारलं की तिरडी बांधायला पहिला निरोप त्यांना यायचा. बांबू आणायचे, सुंभ भिजवायचा, कामट्या सारख्या अंतरावर घट्ट बांधायच्या. घर कुठल्या जातीचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मर्तिकाच्या घरी चहासुद्धा घेत नसत. त्या संध्याकाळीही हरिपाठ चुकायचा नाही. फक्त टाळ हळू वाजायचे.

ते नव्वदी ओलांडून गेले. त्यांची तिरडी बांधायला वस्तीवरची तरणी पोरं आपणहून पुढे आली. बांधणं त्यांनी आजोबांकडूनच शिकलेलं.