हिलरीबाई दोनदा का हरल्या?

कृष्णाकाठ
रविवारी आमच्या कट्ट्यावर घराणेशाहीवरून जुंपली. राबडीदेवींवरून गाडी घसरली ती थेट हिलरी क्लिंटनवर. एक मित्र म्हणाला, "नवरा राष्ट्राध्यक्ष नसता तर तिला कोणी विचारलं नसतं." मला पटलं नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नव्हतं. तिकडे राहणाऱ्यांनी सांगावं, बाईंचं स्वतःचं किती आणि क्लिंटन या नावाचं किती? आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या २००८ आणि २०१६ च्या शर्यतीत, दोन्ही वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला कसा? विकिपीडिया वाचलाय, तो नको.

बफेलोची माई
मी १९८८ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ राहते. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलं मत नोव्हेंबर २००० मध्ये सिनेटसाठी हिलरीला गेलं. म्हणजे मी तटस्थ नाही, ते आधीच सांगून टाकते.

नावाचं आधी. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि मी ते मुकाट्याने घेतलं. हिलरी १९७५ ला लग्न करूनही रॉडमच राहिली. १९८० ला बिल आर्कान्सॉची गव्हर्नरकी हरला. बायको नवऱ्याचं नाव लावत नाही ही कुरबुर तिथे होतीच. १९८२ च्या प्रचारात ती क्लिंटन झाली. तुझा मित्र म्हणतो ते आयतं मिळालेलं नाव तिने नवऱ्याच्या मतांसाठी घेतलं होतं!

तरी नावाने दार उघडलं हे खरंच. न्यूयॉर्कमध्ये एक दिवस न राहिलेल्या दुसऱ्या कुणाला सिनेटची उमेदवारी कोण देणार होतं? न्यूयॉर्क शहराजवळच्या चॅपाक्वाला घर घेतलं तेव्हा इथे सगळे 'उपरी' म्हणूनच बोलायचे, आमच्या घरातसुद्धा. पण जुलै १९९९ मध्ये जुन्या सिनेटर मॉयनिहन यांच्या शेतावरून तिने सुरुवात केली आणि राज्यातल्या ६२ च्या ६२ काउंट्या (म्हणजे जिल्हे) पालथ्या घातल्या. आमच्याकडच्या एका बैठकीला मी शेजारणीबरोबर गेले होते. शेजारीण दुधाच्या धंद्यातली, पक्की रिपब्लिकन. मला वाटलं, भाषण ऐकून येऊ. तर बाई बोलल्या थोडंच. दुधाचा भाव, इथून विमानाची तिकिटं इतकी महाग का, पोरं शिकून गाव सोडतात, असलं सगळं ऐकत बसल्या. परत येताना शेजारीण गाडीत म्हणाली, "हिला कंटाळा कसा येत नाही?" मत दिलं तिने.

तिच्याविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार, न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी आजारपणामुळे बाहेर पडले, त्यांच्या जागी लाझिओ आले. सप्टेंबरमधला वादविवाद आमच्या बफेलोतच झाला. लाझिओ आपली जागा सोडून प्रचारात बड्या देणग्या न घेण्याच्या कराराचा कागद नाचवत तिच्या अंगावर गेले, 'कर सही' म्हणून. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांचं मत ठरलं. ती ५५-४३ ने जिंकली, अपस्टेटमध्ये (न्यूयॉर्क शहराबाहेरच्या, आमच्या उत्तर-पश्चिम भागात) मात्र थोडक्यात मागे राहिली. २००६ ला ६७ टक्के मतं आणि ६२ पैकी ५८ काउंट्या. ही दुसरी खेप नवऱ्याची नव्हे, तिची.

२००८ ला पक्षाची उमेदवारीच ओबामाने नेली. त्याबद्दल माझं मत असं आहे. इराक युद्धाच्या बाजूने २००२ मध्ये दिलेलं मत तिला भोवलं, पण त्याहून जास्त भोवलं ते गणित. मोठी राज्यं जिंकली की झालं, अशी त्यांची समजूत. ओबामाच्या माणसांनी कॉकसवाली (जिथे पक्षाचे लोक सभेत जमून उमेदवार निवडतात ती) छोटी राज्यं धरली. आयडाहोसारख्या चिमुकल्या राज्यातून ओबामाने १२ प्रतिनिधींची (उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनातल्या) आघाडी काढली, आणि तिला अख्खं न्यूजर्सी जिंकून ११ ची. शेजारच्या वाण्याकडे कोथिंबीर फुकट मिळते आणि आपण मॉलमध्ये रांगेत उभे, तसं.

२०१६ ला तर पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाल्यानंतर विस्कॉन्सिनला पाऊलच टाकलं नाही. विस्कॉन्सिन! दुधाचं राज्य! ज्या बाईने आमच्याकडे गोठेवाल्यांचं ऐकत दिवस काढले तीच ही. देशभरात २८ लाखांहून जास्त मतं पुढे, पण इथे निकाल राज्यांच्या हिशोबाने लागतो, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी गेली.

शंकासुर
माई, विस्कॉन्सिनचं पालुपद सगळेच लावतात. पेनसिल्व्हेनियाचं काय? तिथे तर तळ ठोकला होता. मतदानाच्या आदल्या रात्री फिलाडेल्फियात ओबामा दांपत्यासह प्रचंड सभा. तरी हरली ना? परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामाला खासगी ईमेल सर्व्हर वापरण्याचा घोळ तिने स्वतः घातला, आणि २८ ऑक्टोबरला एफबीआयचे प्रमुख कोमींनी पत्र काढून तो पुन्हा पेटवला. शिवाय बँकवाल्यांपुढे भरमसाट मानधन घेऊन केलेली ती भाषणं. आणि २००० मध्ये अपस्टेटला दोन लाख नोकऱ्या कबूल केल्या होत्या, त्या कुठे आहेत?

डोंबिवली फास्ट लोकल
एक आठवण. जुलै २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून मुंबईत आल्या तेव्हा मुद्दाम ताजमध्ये उतरल्या, २६/११ ला वर्षही झालं नव्हतं. माझं ऑफिस तेव्हा फोर्टला, बंदोबस्तामुळे तासभर अडकलो. चिडलो होतो, पण बरंही वाटलं.

बफेलोची माई
शंकासुर, पेनसिल्व्हेनियाचं मान्य. नुसतं जाऊन भागत नाही. फिलाडेल्फियातली सभा म्हणजे आपल्याच माणसांची जत्रा, तिथे ऐकून कोण घेतं?

नोकऱ्यांचंही मान्य. आल्या नाहीत. २००३ मध्ये बफेलोत टाटा कन्सल्टन्सीचं ऑफिस उघडलं तेव्हा ती आली होती. आम्ही मराठी मंडळी खूश, आणि पुढे त्यावरूनच तिच्यावर टीका झाली की ही आपल्या नोकऱ्या भारतात पाठवणार. २००७ मध्ये ओबामाच्या प्रचारकांनी तर तिला 'पंजाबची सिनेटर' ठरवणारा कागद फिरवला. ओबामांनी नंतर ती चूक म्हणून कबूल केली. माझ्या मुलाला तरी त्याच ओबामाचं वेड! आमच्या घरात त्या वर्षी जेवताना राजकारण बंद होतं.

कृष्णाकाठ
माई, ती शेजारीण २०१६ ला कुणाला?

बफेलोची माई
ट्रम्पला. मी विचारलं, तर म्हणाली, तेव्हा ती आमच्याकडे आली होती, आता फक्त टीव्हीवर दिसते. गायी तिने २०११ लाच विकल्या होत्या.